जिवंत माणसाच्या नावाआधी

३ नोव्हेंबर, भाऊबीज

चार ओळी जमल्या! सकाळपासून गच्चीवर फेऱ्या मारत होतो. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, "गुरुजींनी व्यायाम मनावर घेतला वाटतं." कसला व्यायाम! काव्याच्या पत्रिकेसाठी कविता. नातीचा हट्ट — "अज्जा, छापखान्यातली तयार कविता नको. तुमची पाहिजे."

दारची जाई चालली दूर,
मांडव सोडून मांडवाकडे,
उन्हाळा आमच्या अंगणी ठेवून
सावली नेते सासरकडे.

राजेश्रीने — माझ्या सुनेने — दोनदा वाचलं. "मामा, लग्नाच्या पत्रिकेत उन्हाळा कशाला?"

काव्या म्हणाली, "आई, सोलापूरची पत्रिका आहे. उन्हाळा नसला तर पत्ता चुकला वाटेल लोकांना."

किती दिवसांनी तिघं एकदम हसलो. माझी बायको चंद्रव्वा असती तर तिने ही कविता सगळ्या बिल्डिंगला म्हणून दाखवली असती, आणि दर वेळी एक ओळ विसरली असती.

५ नोव्हेंबर

पत्रिकेचा नमुना आला. जाड कागद, वर सिद्धरामेश्वरांचं चित्र. राजेश्री पतसंस्थेत निघाली होती, दारातूनच म्हणाली, "मामा, नावं एकदा डोळ्यांखालून घाला."

घातली. माझी कविता सुंदर बसलीय. मग खाली — "लिं. गुरुशांत बसप्पा यांची कन्या."

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी "लिं." लावतात. लिंगैक्य. माणूस शिवाला मिळाला.

गुरुशांत माझा मुलगा. शिवाला मिळालेला नाही. खुल्या कारागृहात वांग्यांना पाणी देतोय.

नवीन काही नाही यात. खटला संपला, जन्मठेप झाली, आम्ही बाळीवेशीतलं घर सोडून इकडे जुळे सोलापुरात आलो. इथं कुणी ओळखीचं नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिस्टर काय करतात? राजेश्री गप्प राहिली. त्या बाई स्वतःच म्हणाल्या, "अरेरे!" तेव्हापासून तो वारला. कुणी ठरवलं नाही. एका "अरेरे"ने वारला. काव्या तेव्हा बालवाडीत. मोठी झाल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शाळेत तेच चालू ठेवलं.

पण आजवर ते तोंडी होतं. आज छापून आलं.

"बरोबर आहे," असं राजेश्रीला सांगितलं.

९ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. ऊन मात्र छान.

१२ नोव्हेंबर

गुरुशांतचा फोन. तिथल्या फोनवरून बोलायला देतात, पण थोडंच. तो एरवी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि ठेवतो. आज म्हणाला, "अप्पा, माझ्या सुटकेचा प्रस्ताव वर गेलाय. साहेब म्हणतात, होईल. घरी चौकशीला येतील कुणीतरी."

मी म्हटलं, "कधी?"

"ते सांगत नाहीत." पुढं म्हणाला, "घाई नाही अप्पा. लग्न होऊ दे."

म्हणजे लग्न त्याच्या लक्षात आहे! मीच सांगितलं होतं मागच्या भेटीत.

राजेश्रीला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळतच राहिली. ताटाबाहेर गेली कणीक तरी मळत होती. शेवटी म्हणाली, "आत्ताच का?"

तिने काय केलं नाही? मंगळसूत्र काढून ठेवलं, पोर वाढवली, माझी औषधं सांभाळली. नवरा असून विधवा झाली, आणि विधवेचंही दुःख मोकळेपणी करता आलं नाही तिला. हळदीकुंकवाला बोलावत नाहीत म्हणून कधी कुरकुरली नाही. तिला कोणत्या तोंडाने म्हणू — बाई, पुन्हा सवाष्ण हो?

१३ नोव्हेंबर

काव्या आज स्वतःहून माझ्याजवळ बसली.

"अज्जा, ते सुधारलेत का खरंच?"

मी उत्साहाने सांगायला लागलो — आत राहून पदवी घेतली, अडाणी माणसांना वाचायला शिकवतो, तिथं त्याला सगळे मास्तर म्हणतात, कोंडून ठेवायला भिंतसुद्धा नाही, शेत आहे, तरी कुणी पळत नाही...

"चांगलं आहे," ती म्हणाली. "त्यांना सुधारायला सरकारनं शेत दिलं, पुस्तकं दिली, साहेब दिले. मला आणि आईला काय दिलं? आम्ही कुठल्या खुल्या कारागृहात जायचं?"

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. नोकरीवर, औषधाच्या दुकानात, गिऱ्हाइकाला गोळ्या समजावून सांगते ना, तशा आवाजात बोलली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही. एवढंच.

१७ नोव्हेंबर

शाळा आठवते. बाहेर उभं केलेलं पोर तास संपल्यावर आत घ्यायचो मी. न विसरता! पुढच्या तासाचे सर आले तरी पोर बाहेरच — असं काही शिक्षकांचं व्हायचं. मग ती शिक्षा राहत नाही, ते पोराचं नाव कमी करणं होतं. कवितेच्या तासाला मी तर अर्ध्यातच बोलवायचो. कविता दारातून ऐकायची गोष्ट आहे का?

गुरुशांतही माझ्याच वर्गात होता. आवाज सुरेख. चाल एकदा ऐकली की पकडायचा. पण चिडका. फार चिडका. पुढं मार्केट यार्डात मित्राबरोबर, ज्ञानबाबरोबर, भागीत अडतीचं दुकान घातलं. दोघं सख्ख्या भावांसारखे. एका दुपारी हिशेबावरून भांडण झालं आणि याच्या हातात लोखंडी पहार आली. ज्ञानबा तिथंच गेला. याने पळायचा प्रयत्नही केला नाही. त्याच्याजवळ बसून राहिला, पोलीस येईपर्यंत.

त्यानंतर तो माणूस चिडलेला मी पाहिला नाही. कधीच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

लिहून ठेवतो.

अकलूजहून नवऱ्यामुलाची आत्या आली होती. साड्या पसरलेल्या, राजेश्री रजेवर, मी कोपऱ्यात चहा घेत. बेल वाजली. दारात एक तरुण मुलगी, हातात हेल्मेट, खांद्याला बॅग. "गुरुशांत यांचं घर हेच ना? तुम्ही वडील? मी चौकशीला आलेय."

राजेश्रीच्या हातातली साडी तशीच राहिली.

आत्याबाई मोठ्या बोलक्या. "कोण गुरुशांत? काव्याचे पप्पाच ना ओ? ते तर वारलेत की!"

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. एकदा आत्याबाईंकडे, परत माझ्याकडे. तिने वाट पाहिली माझी. हे मला आत्ता कळतंय, की वाट पाहिली. वेळ होता मला. शब्दही होते. आयुष्यभर शब्दांवरच जगलो!

मी म्हटलं, "हो. तो वारला."

"बरं," ती म्हणाली. "चुकलं असेल माझं." आणि जिना उतरून गेली.

आत्याबाई — "कशाची चौकशी म्हणं?"

राजेश्री — "विम्याची असेल."

"बघा की! मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत हे विमेवाले!" आणि त्या खळखळून हसल्या. राजेश्री हसली. मीही हसलो. हसलो मी!

२६ नोव्हेंबर

घास उतरत नाही. राजेश्रीने भात मऊ करून दिला. तिलाही उतरला नाही.

२८ नोव्हेंबर

रिक्षा करून त्या मुलीच्या कार्यालयात गेलो. घरी सांगितलं, वाचनालयात जातोय. तिचं नाव सोनम. सुटणाऱ्या कैद्यांच्या घरी जाऊन चौकशी करायची, हे तिचं काम. एक टेबल, मागं फायलींनी वाकलेलं कपाट. मला बघून उभी राहिली, खुर्ची दिली.

"गुरुजी, 'वडिलांनी मुलगा मयत असल्याचे सांगितले' असं अहवालात लिहू का? परवाच मी त्याच्याशी बोललेय फोनवर. भाज्यांबद्दल फार बोलतो."

माझे डोळे भरले. तिने पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि मुद्दाम कपाटात काहीतरी शोधत बसली. शहाणी मुलगी.

मग सांगितलं तिने. वरच्यांना बघायचं असतं — याला घर आहे का, काम आहे का, तो हवाय असं म्हणणारं माणूस आहे का. वागणूक चांगली असल्याचे दाखले ढीगभर आहेत. घराचा रकाना रिकामा आहे. "आतलं काम आतल्यांनी केलं, गुरुजी. बाहेरचं कुणी करायचं? सुटलेली माणसं एस.टी. स्टँडवर बसलेली बघितलीत मी. पिशवी मांडीवर घेऊन. कुठली गाडी धरावी ते कळत नाही त्यांना. थोड्या दिवसांनी परत आत येतात. कुणाला वाटतं, सुधारलाच नव्हता. सुधारला होता हो. जायला जागा नव्हती."

मी म्हटलं, "माझ्या सुनेच्या घरी नाही जमणार."

"मग तुमचं घर कुठं आहे?"

साधा प्रश्न. फ्लॅट राजेश्रीच्या नावावर. बाळीवेशीतलं विकलं. माझं घर कुठं आहे?

"पत्ता आणा," ती म्हणाली. "कुठलाही. पण खरा. आणि त्या पत्त्यावर कुणीतरी असायला हवं, दार उघडायला."

२ डिसेंबर

बनाबाईंना भेटलो. ज्ञानबाची आई. मार्केटजवळ कडक भाकरी विकायला बसते, हे मला माहीत आहे. म्हणून इतकी वर्षं त्या रस्त्याने गेलो नाही, वळसा घालून जायचो. आज गेलो. सोनमने सांगितलं होतं, त्या घरीही विचारावं लागतं. त्या काय म्हणाल्या ते तिने सांगितलं नाही. मलाच ऐकायचं होतं.

भाकरीच्या चळतीमागं बसलेली, फार वाळलीय. मान वर न करता म्हणाली, "किती दिऊ?" मग बघितलं. "गुरुजी व्हय. या."

तीच बोलली.

"ती पोरगी आलती इचारायला. म्या म्हनलं, सोडा. त्येला तितं ठिवून माझा ज्ञानबा येनार हाय व्हय? एवडी वर्सं ठिवला, आला का?"

मी हात जोडले.

"हात नगा जोडू. माफ बिफ न्हाय केलं म्या. माझ्या म्होरं आनू नगा त्येला, बास." भाकऱ्यांवरचं फडकं सारखं केलं. मग माझ्याकडे सरळ बघून — "तुमच्यात म्हनं त्यो मेलाय? लोकं सांगत्यात. आवं, माझा मेला त्यो खरा मेला. तुमचा मेलेला रोज दोन येळ जेवतोय की! मेला म्हनायला लाज कशी वाटंना तुमाला?"

गिऱ्हाईक आलं. ती भाकरी मोजायला लागली. मी तिथंच उभा होतो, ऊन डोक्यावर घेत. निघताना तिने चार भाकऱ्या कागदात बांधून हातात दिल्या. घेतल्या. नाही कसं म्हणणार?

घरी आणल्या नाहीत. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून खाल्ल्या, कोरड्या.

८ डिसेंबर, रविवार

त्याला भेटून आलो. काय करून बसलो मी!

एस.टी.ने गेलो. पिशवीत चिवडा, शेंगाची पोळी आणि पत्रिका. पत्रिका छापून आल्यात, गठ्ठे घरात पडलेत. मनात एकच — त्याला माझी कविता दाखवायची. लहानपणी माझी प्रत्येक कविता पहिल्यांदा तो ऐकायचा, पाटावर बसून, भाकरी चावायची थांबवून. तोच आनंद डोक्यात घेऊन निघालो. वाटेत चालसुद्धा बांधली!

तो वाफ्यातून आला. हात धुतले, पँटला पुसले. केस पुढून पांढरे झालेत. पत्रिका दोन्ही हातांनी घेतली. कविता वाचली. "सावली नेते सासरकडे" — दोनदा म्हटलं, चालीवर, मी न सांगता. अगदी मी बांधलेली चाल नव्हे, पण जवळची.

मग बोट खाली सरकलं. मी पहिलीत शिकवलं होतं तसंच वाचतो अजून, ओळीखाली बोट धरून. बोट थांबलं.

तेव्हा मला आठवलं!

कागद ओढून घ्यावासा वाटला. बोट तिथंच होतं. मागं कुणीतरी गाईला हाकलत होतं, हैक हैक. मग बोट पुढं सरकलं — मुलाचं नाव, कार्यालय, तारीख. सगळं वाचलं त्याने. शेवटपर्यंत.

"कविता छान झालीय, अप्पा."

"गुरू, ते..."

"राजेश्रीला म्हणावं, बरोबर केलंस." घडी केली. "ठेवू का मी ही?"

मी मान हलवली. शर्टाच्या खिशात ठेवली त्याने. मग मला वांगी दाखवायला घेऊन गेला. प्रत्येक रोपाची माहिती सांगितली. आवाज अगदी नीट होता. निघताना माझ्या पायांना शिवला, आणि वर यायला त्याला जरा वेळ लागला.

९ डिसेंबर

म्हातारा मूर्ख. कवितेच्या नादात मुलाला त्याचं मरण वाचायला दिलं.

१५ डिसेंबर

जेऊरला धुळाप्पाकडे जाऊन आलो. झेडपीच्या शाळेत एकत्र होतो. तो गणिताचा, मी मराठीचा. आमची भांडणं शाळेत प्रसिद्ध. आता त्याची शेती, मेंढरं, आणि स्टेशनाजवळ दोन खोल्यांची चाळ.

मी स्टेशनात उतरताच तो ओरडला, "या कवी महाराज! गाडी वेळेवर आली. तुमच्या वृत्तात बसली नसंल ती!"

सगळं सांगितलं. गुरुशांतचं त्याला माहीत होतंच. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मग म्हणाला, "एक खोली रिकामी हाय. तिथं मेंढराच्या लोकरीचा वास येतो, सांगून ठिवतो."

"भाडं..."

"कविता म्हणू नको, तेच भाडं." मग एक किल्ली वेगळी करत, "बसप्पा, तू पण राहणार? लग्नघर सोडून? लोक काय म्हणतील तिकडं?"

"हवापालट, म्हणेन. गुडघे."

"थंडीत गुडघ्याला जेऊर? बरं बाबा. तू कवी आहेस, तुझ्यावर इस्वास ठेवतील लोक."

खोली बघितली. छोटी खिडकी. खिडकीतून रूळ दिसतात. मला आवडली.

१८ डिसेंबर

सोनमला पत्ता दिला. तिने विचारलं, "दार कोण उघडणार?" मी म्हटलं, "मी." तिने तसंच लिहिलं.

घरी राजेश्रीला सांगितलं. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल तिला. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण जाणार." आणि देवघरासमोर जाऊन बसली, पाठ करून.

१६ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतून काव्या मला फिरवून आणत होती. पाळण्यांचा आवाज, पिपाण्या, धूळ. मोठ्या पाळण्याशी उभं राहून मक्याची कणसं खाल्ली. तेवढ्यात सोनमचा फोन — आदेश निघाला. पुढच्या आठवड्यात सुटतोय.

काव्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं. कणीस खात राहिली. मग म्हणाली, "लहानपणी ते मला इथंच खांद्यावर घ्यायचे. एवढंच आठवतं मला त्यांचं. तोंड आठवत नाही, केस आठवतात. मी धरलेले."

इतकी वर्षं मला वाटलं होतं, तिला काहीच आठवत नाही.

"येऊ नका म्हणावं लग्नाला," ती म्हणाली. तशाच, दुकानातल्या आवाजात. मग कणीस माझ्या हातात देऊन पुढं चालायला लागली, भराभर.

२१ जानेवारी

राजेश्रीने माझी बॅग भरली. औषधं वेगळी, सकाळची, संध्याकाळची. शेंगाची चटणी, तूप. मग कपाटातून एक नवा शर्ट काढला, दुकानाच्या पिशवीतला. माझ्या मापाचा नव्हता. बॅगेत तळाशी ठेवला. कुणाचा, मी विचारलं नाही.

२२ जानेवारी

सुटला! हातात एक पिशवी. फाटकावरच्या शिपायाने त्याला मिठी मारली. आतली माणसं ओरडत होती, "मास्तर, चाललात व्हय! वांग्याला कोण बगनार?" तिथं माझा मुलगा गेला म्हणून माणसं रडत होती. आणि आम्ही...

गाडीत त्याने खिडकी माझ्यासाठी सोडली. मी म्हटलं, तू बस. बसला. सबंध रस्ता बाहेर बघत होता. बोलला एकदाच — "अप्पा, एवढ्या गाड्या कधी झाल्या?"

३० जानेवारी

लोकरीचा वास येतोच. धुळाप्पा खोटं बोलला नव्हता!

गुरुशांत माझ्या आधी उठतो. झाडलोट, पाणी. भाकरी माझ्यापेक्षा गोल करतो. ताट रिकामं झालं की लगेच उठून धुतो, मी जेवतोय तोवर पुसून ठेवतो. बाहेर जायचं तर विचारतो, "अप्पा, जाऊ?" मी म्हणतो, विचारायचं काय त्यात! हो म्हणतो. परत विचारतो.

धुळाप्पाने त्याला रानात काम दिलं. डाळिंबाची छाटणी शिकवतोय. म्हणतो, "तुझ्यासारखा न्हाय तो, कामाचा हाय."

संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसतो. मी जुन्या कविता म्हणतो. तो ऐकतो. कधी मध्येच पुढची ओळ म्हणतो. मला इतकं सुख वाटतं, की भीती वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

लग्न झालं. एकटाच गेलो पहाटेच्या गाडीने.

मंगलाष्टकं मी म्हटली, मी लिहिलेली. एके ठिकाणी आवाज फुटला. लोकांना वाटलं, आज्याचं मन! काव्या किती सुंदर दिसत होती. अक्षता पडताना तिने एकदा दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. कुणी नव्हतं.

तो नव्हताच आला. सांगितलं होतं, आणि त्याने पाळलं. पाळायला तो शिकलाय ना.

आत्याबाई म्हणाल्या, "काव्याचे पप्पा असते तर आज किती आनंद झाला असता, नाई ओ?" मी म्हटलं, "झाला असता."

राजेश्रीने गर्दीत मला बाजूला घेतलं. हातात हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा, डबा. मोठ्याने — आजूबाजूला ऐकू जाईल असं — "धुळाप्पा सरांना द्या." मग खाली बघत, हळू, "तूप वेगळं ठेवलंय. त्यांना वरून लागतं."

संध्याकाळी जेऊरला पोचलो. तो ओट्यावर उभाच होता, नवा शर्ट घालून. लग्नाचा दिवस म्हणून घातला असावा. डबा उघडला, तूप वरून घातलं. एक घास घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी बाहेर जाऊन बसलो.

१० फेब्रुवारी

त्याने विचारलं, "कशी दिसत होती?" मी सांगत राहिलो. शालूचा रंग, केसांतला गजरा, हसणं. परत सांगा, म्हणाला. परत सांगितलं.

मी ठरवलंय. लग्न झालं, आता भ्यायचं कुणाला? इथं तरी तोंडाने म्हणायचं — हा माझा मुलगा. उद्याच.

११ फेब्रुवारी

शेजारच्या खोलीतल्या अंबुबाई नळावर भेटल्या. "गुरुजी, तुमचा गडी लई गुणाचा हाय की! बसू म्हनून हाक मारली तर धावत येतोय. कुटनं आनला?"

घरात आलो. तो भाकरी थापत होता. "बसू कोण रे?" म्हटलं. परातीकडे बघतच बोलला, "मीच सांगितलंय सगळ्यांना. गुरुजींना सांभाळायला ठेवलेला गडी. काव्याला आता सासर आहे, अप्पा. अंबुबाईंच्या बहिणीची सून अकलूजचीच आहे. राहू दे."

मी तडक उठलो. अंबुबाईंच्या दाराची कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं. "काय ओ गुरुजी?"

थोडं मीठ मागून आलो.